गॅन्डाल्फला चहा नको होता

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द हॉबिट' या 1937 सालच्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात बिल्बो बॅगिन्सच्या घरी न बोलावलेले पाहुणे येऊन थडकतात. तेरा बुटके आणि त्यांना घेऊन आलेला जादूगार गॅन्डाल्फ. कुणी केक मागतो, कुणी कॉफी, कुणी बिअर. गॅन्डाल्फला चहा विचारला जातो, तर तो सरळ नको म्हणतो आणि थोडी रेड वाइन मागतो. 2001 साली पीटर जॅक्सनचा 'द फेलोशिप ऑफ द रिंग' हा चित्रपट आला. त्यात तेच घर, तोच बिल्बो, तोच पाहुणा. बिल्बो आपल्याकडच्या जुन्या वाइनच्या बाटल्या काढायला निघतो आणि गॅन्डाल्फ त्याला थांबवतो: नुसता चहा दे.

म्हणजे एकाच म्हाताऱ्याने पुस्तकात चहा नाकारून वाइन घेतली आणि पडद्यावर वाइन नाकारून चहा. आता त्याच्या नावाचा चहा पाकिटात भरून विकला जातो. पाकिटावर लांब दाढी, टोकदार टोपी, हातात काठी. हा चहा ज्याने जुळवला त्याने कुठला गॅन्डाल्फ डोळ्यांपुढे ठेवला असेल? चाखल्यावर उत्तर मिळतं का? या लेखासाठी मी जो उद्योग केला त्याचं मूळ या प्रश्नात आहे.

कादंबऱ्या, मालिका, चित्रपट, कार्टून यांतल्या पात्रांच्या नावाने चहाची मिश्रणं करायची, ही हौस अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये आता चांगली रुजली आहे. तिकडे त्यांना फॅन्डम ब्लेंड म्हणतात. हौसेला वाट मिळाली ती मुख्यतः एका सोयीमुळे. न्यू जर्सीत 1999 साली एका कुटुंबाने सुरू केलेल्या 'अडाजिओ टीज' या कंपनीने गिऱ्हाइकालाच मिश्रण जुळवायची मुभा दिली. कंपनीच्या यादीतले चहा निवडायचे, कुठला किती ते ठरवायचं, वर थोड्या पाकळ्या किंवा फळांचे तुकडे घालायचे, नाव द्यायचं, लेबलसाठी चित्र द्यायचं. ते मिश्रण मग दुसऱ्या कुणालाही विकत घेता येतं. कारा मॅकगी या चित्रकर्तीने बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेतल्या पात्रांची चित्रं काढून त्या त्या पात्राचे चहा असेच जुळवले आणि ते खूप गाजले. पुढे झुंबड उडाली. जादूगार, गुप्तहेर, अंतराळवीर, राजकन्या, राक्षस, सगळ्यांचे चहा झाले.

आपल्याला यात फार नवल वाटू नये. सुटी चहापत्ती विकणाऱ्या जुन्या दुकानात अजूनही अर्धी ममरी, अर्धी डस्ट, वर थोडी मोठी पत्ती असं सांगून आपलं मिश्रण बांधून घेणारे लोक आहेत. दुकानदाराला ते पाठ असतं. फरक एवढाच की त्या पुडीवर लेबल नसतं, आणि असलंच तर ते जोशीकाकूंच्या नावाचं असेल, हॅरी पॉटरच्या नव्हे.

माझी भाची न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि तिला या प्रकाराचं वेड आहे. ती यंदा आली ती बॅगेत लहान लहान पाकिटं भरून. काही मोठ्या दुकानांतली, काही तिच्या मित्रमैत्रिणींनी जुळवलेली, काही तिने स्वतः केलेली. "मावशी, तू पुस्तकं वाचतेस, मी चहा करते. बघू कुणाला जास्त कळतं," असं तिचं आव्हान. आम्ही परीक्षक मंडळ नेमलं. त्यात एक गृहस्थ चहाच्या धंद्यातले. कोलकात्याच्या लिलावांसाठी चहा चाखण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर ते आमच्या सोसायटीत राहायला आले. दुसऱ्या माझ्या सासूबाई, ज्यांनी यातली एकही मालिका पाहिलेली नाही. हा त्यांचा सर्वांत मोठा गुण ठरला.

*

चाखण्याची पद्धत कुठली, यावरून पहिल्याच दिवशी वाजलं. व्यावसायिक चाखणाऱ्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 3103. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, पाणी उकळतं, झाकण लावून सहा मिनिटं. याच धर्तीच्या ब्रिटिश मानकाला 1999 साली साहित्याचं इग नोबेल मिळालं होतं. सहा पानं खर्चून चहा कसा करावा हे सांगितल्याबद्दलची ती थट्टा होती. पण थट्टा करणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात येत नाही. हे मानक चहा चांगला लागावा म्हणून नाहीच. चहातलं जे काही वाईट असेल ते उघडं पडावं आणि दोन चहांची तुलना करता यावी, म्हणून आहे. आमच्या गृहस्थांनी सगळं त्याच शिस्तीत केलं. चमच्याने रस घेऊन असा काही जोरात भुरका मारायचा की शेजारच्या खोलीत ऐकू जावं. भुरक्याबरोबर हवा आत जाते, वास टाळूमागून नाकात चढतो. मग थुंकायचं. नंतर भिजलेली पत्ती झाकणावर उलटी करून तिच्यावर नाक धरायचं. त्यांच्या भाषेत पेल्यातलं ते लिकर आणि झाकणावरचं ते इन्फ्यूजन.

भाचीला हे बघवेना. तिच्या मते चहा खिडकीत बसून, पुस्तक मांडीवर घेऊन प्यायचा असतो. मग ठरलं की प्रत्येक चहा दोनदा करायचा, एकदा त्यांच्या पद्धतीने आणि एकदा तिच्या. दूध कशातच नाही. ही अट सासूबाईंना जाचली, पण ती गरजेची होती. ही मिश्रणं बिनदुधाची प्यायची म्हणूनच जुळवलेली असतात. फुलाफळांचा वास दुधात बुडतो, आणि जास्वंदीसारखं आंबट काही असेल तर दूध फाटतं.

सुरुवात शेरलॉक होम्सपासून केली. त्याच्या नावाच्या मिश्रणांत एक चहा हटकून येतो, लॅपसांग सूशाँग. चीनच्या फूजियन प्रांतातल्या वूयी डोंगरांतला हा काळा चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात. पाकीट फोडलं आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर चुलीवरच्या न्हाणीघरातला वास." अगदी तसाच. ओलं लाकूड, काळं झालेलं छत, पितळेच्या बंबाखालचा विस्तव. पेल्यात मात्र तो धूर मऊ होतो आणि मागून एक गोडसर चव येते, आसामी चहाची. त्या मिश्रणात आसाम होताच.

हे मला पटलं. होम्स म्हटलं की पाइप आलाच. पर्शियन सपातीच्या टोकात तो तंबाखू ठेवतो हे वॉटसनने लिहून ठेवलं आहे. शिवाय लॅपसांग पहिल्या घोटात नकोसा वाटतो. होम्सशी पहिली भेट झालेल्या माणसालाही साधारण तसंच वाटतं. तो सवयीने आवडू लागतो, आणि मग बाकीचे चहा मिळमिळीत लागतात. वॉटसनचं पुढे तेच झालं. ज्याने धूर निवडला त्याने होम्स वाचला होता. गृहस्थांनी इन्फ्यूजनवर नाक धरून सांगितलं की धुरामागे पत्ती साधीच आहे, धुराने ती झाकली आहे. मी म्हटलं, होम्सच्या बाबतीतही अशी शंका घ्यायला जागा आहे.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की पात्राचा चहा म्हणजे त्या पात्रावरचं परीक्षण आहे. शब्दांऐवजी पत्ती वापरून लिहिलेलं, एवढंच. आणि परीक्षणं जशी बरीवाईट असतात, तसेच हे चहाही.

*

वाईट परीक्षणं कशी ओळखायची? सोपं आहे. त्यात पात्राचा रंग असतो, स्वभाव नसतो. तांबड्या केसांच्या पात्राला दक्षिण आफ्रिकेतला तांबडा रॉयबॉस. जंगलात राहणाऱ्या बुटक्याला मातीच्या वासाचा पूअर. जपानी कार्टून असेल तर भाजलेल्या तांदळाचा गेनमाइचा. मधावर जीव टाकणारं अस्वल असेल तर मध. आणि ज्या ज्या पात्राच्या कमरेला पिस्तूल किंवा जहाजावर तोफ आहे, त्याला त्याला गनपावडर. हा चीनमधल्या जजियांगकडचा हिरवा चहा. पानं वळून बारीक गोळ्या केलेल्या असतात, बंदुकीच्या दारूच्या दाण्यांसारख्या, म्हणून इंग्रजांनी ते नाव दिलं. चव जरा रोखठोक, किंचित धुरकट. समुद्री चाच्याशी तिचा नावापलीकडे काही संबंध नाही. असे चहा म्हणजे शाब्दिक कोट्या. एकदा हसू येतं, दुसऱ्यांदा पाकीट मागे पडतं.

त्याहून मोठी अडचण कृत्रिम वासाची. चहाची पत्ती भोवतालचा वास फार लवकर ओढून घेते. म्हणून तर चहाचा डबा हिंगाच्या डबीजवळ ठेवत नाहीत. सुगंधी चहाचा सगळा धंदा या एका गुणावर उभा आहे. मोठ्या फिरत्या पिंपात पत्ती घालतात आणि तिच्यावर व्हॅनिला, कॅरमेल, स्ट्रॉबेरी, चॉकलेट असा द्रवरूप वास फवारतात. पत्ती तो पिऊन टाकते. मग निळ्या, केशरी पाकळ्या मिसळतात. त्या दिसायला छान, चवीला जवळजवळ शून्य. गोडीसाठी बऱ्याचदा ज्येष्ठमध. केकच्या, मिठाईच्या चवीचे म्हणून जे चहा असतात त्यांत तो असतोच. एका लाडक्या, सालस नायिकेच्या नावाचा चहा पिऊन सासूबाई म्हणाल्या, "खोकल्यावर बरा आहे." नायिकेची मी चाहती आहे, तरी मला त्यांचंच म्हणणं खरं वाटलं. व्हॅनिला-कॅरमेलचा वास इतका दांडगा असतो की खाली आसाम आहे की सिलोन, गृहस्थांनाही सांगता येईना. सगळ्या सालस पात्रांची चव एकच येते, मग ती 1813 च्या इंग्लंडमधली असोत की परग्रहावरची.

याला एक छान अपवाद निघाला, तोही रंगाचाच. जादूगारांच्या, चेटकिणींच्या नावाच्या काही मिश्रणांत गोकर्णाची निळी फुलं असतात. पेल्यात गडद निळं पाणी उतरतं, लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं होतं. त्या फुलातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याची ही करामत. आम्लात त्याचा रंग बदलतो. चव यथातथाच, पण जादूगाराकडून चवीची अपेक्षा कोण करतं? भाचीने ती सुकी फुलं डॉलर मोजून आणली होती. आमच्या सोसायटीच्या कुंपणावर गोकर्णाचा वेल आहे.

*

खरं वाचन करणाऱ्याची परीक्षा अगाथा ख्रिस्तीपाशी होते. तिचा हर्क्यूल प्वारो बेल्जियन आहे, आणि इंग्रजांच्या चहाबद्दल त्याला फारसं प्रेम नाही. तो पितो तिझान, म्हणजे वनस्पतींचा काढा. चॉकलेट पितो, ब्लॅककरंटचं सरबत पितो. त्याच्या नावाच्या पाकिटात चहाची पत्तीच असता कामा नये. भाचीच्या एका मैत्रिणीने केलेल्या मिश्रणात कॅमोमाइल, पुदिना आणि थोडी बडीशेप एवढंच होतं. शाबास! नीटनेटका, पचायला हलका, किंचित आढ्यतेखोर काढा. गृहस्थांनी तो चाखायलाच नकार दिला. कॅमेलिया सायनेन्सिसचं पान नसेल तर ते चहावाल्याचं काम नाही, असं त्यांचं म्हणणं. प्वारोनेही एवढ्याच ताठ्याने उत्तर दिलं असतं.

आणखी अवघड पात्र म्हणजे 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी'मधला आर्थर डेंट. डग्लस ॲडम्सने 1978 साली ही गोष्ट आधी रेडिओसाठी लिहिली, पुस्तक पुढच्या वर्षी आलं. पृथ्वी नष्ट झाली आहे, आर्थर अंतराळयानात अंगावरच्या ड्रेसिंग गाउनवर फिरतो आहे आणि त्याला हवा आहे फक्त एक कप चहा. यानातलं यंत्र त्याच्या जिभेची कसून तपासणी करतं आणि दर वेळी असं काहीतरी हातात ठेवतं, ज्याचं चहाशी जवळजवळ काहीच साम्य नाही. पुढच्या पुस्तकात तो त्या यंत्राला चहा म्हणजे काय ते समजावून सांगतो. मग यानाचा संगणकही त्या विचारात इतका गढतो की शत्रूचा हल्ला होत असताना त्याला दुसरं काही सुचत नाही. या माणसाच्या नावाने आंबा-पीच-नारळ घातलेला चहा करणं म्हणजे त्याच्या दुःखावर डागण्या. त्याला साधा काळा चहा द्यावा, सोबत दूध द्यावं, आणि पाकिटावर दुसरं काही लिहू नये.

चहा आणि पात्र यांची गाठ लेखकानेच बांधून ठेवली असेल तर मिश्रण करणाऱ्याचं काम सोपं होतं. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका 1987 ते 1994 चालली. तिच्यातला कॅप्टन पिकार्ड भिंतीतल्या यंत्राकडे अर्ल ग्रे मागतो, गरम. त्यामुळे त्याच्या नावाचा कुठलाही चहा घ्या, त्यात बर्गमॉटचा वास असतोच. बर्गमॉट हे लिंबाच्या जातीचं फळ, मुख्यतः इटलीच्या कलाब्रिया भागात होतं. त्याच्या सालीचं तेल काढतात. चांगल्या तेलाचा वास तरतरीत आणि जरासा कडवट, हलक्या तेलाचा थेट साबणासारखा. आमच्याकडे दोन्ही प्रकार आले होते. साबणवाला सासूबाईंनी बेसिनमध्ये ओतला.

खरं म्हणजे अर्ल ग्रे हाच पात्राच्या नावाचा सर्वांत जुना गाजलेला चहा म्हणायला हवा. चार्ल्स ग्रे हा दुसरा अर्ल 1830 ते 1834 इंग्लंडचा पंतप्रधान होता. त्याला, किंवा त्याच्या दूताला, कुणा मँडरिनने, म्हणजे चिनी अधिकाऱ्याने, उपकाराची फेड म्हणून ही कृती दिली, अशी कथा पाकिटांवर छापली जाते. ग्रे कधी चीनला गेला नव्हता. शिवाय चिन्यांना चहात बर्गमॉट घालायची रीत नव्हती. म्हणजे माणूस खरा, गोष्ट रचलेली, आणि चहा विकला जातो तो गोष्टीवर. ग्रेचा चहाशी खरा संबंध पाकिटावर कुणी लिहीत नाही, तो असा की त्याच्याच सरकारच्या काळात, 1833 साली, ईस्ट इंडिया कंपनीची चीनबरोबरच्या व्यापारातली मक्तेदारी संपली आणि चहाचा धंदा इतरांना खुला झाला. बर्गमॉटच्या थेंबापेक्षा हे काम कितीतरी मोठं आहे.

*

आमच्या मंडळाचं एकमत झालं ते एकाच चहावर. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही कार्टून मालिका अमेरिकेत 2005 ते 2008 दाखवली गेली. भाचीची पिढी तिच्यावर वाढली. तिच्यात आयरो नावाचे एक काका आहेत. एकेकाळचे नामांकित सेनापती, मुलगा युद्धात गमावलेले, आता बदनाम झालेल्या पुतण्याला घेऊन देशोधडीला लागलेले. या माणसाला चहाचं वेड. रानात एक झुडूप दिसतं. ते दुर्मीळ चहाचं की जहाल विषाचं, अशी शंका असतानाही ते त्याचा चहा करून पितात आणि अंगभर पुरळ उठवून घेतात. बा सिंग से या शहरात निर्वासित म्हणून एका चहाच्या दुकानात नोकरी लागते, तर मालकाचा चहा चाखून त्यांना मालकाचीच कीव येते. शेवटी स्वतःचं दुकान निघतं, 'जॅस्मिन ड्रॅगन'.

त्यामुळे आयरोच्या चहात जॅस्मिन हवंच, आणि इथे वासाची फवारणी चालत नाही. फूजियनमधल्या फूजौच्या पद्धतीचा जॅस्मिन चहा ज्या फुलाने करतात ते आपला मोगरा. दुपारी कळ्या खुडतात, संध्याकाळी त्या उमलू लागल्या की हिरव्या चहाच्या पत्तीत मिसळून ढीग करतात. रात्रभर फूल वास सोडतं आणि पत्ती ओढून घेते. ढीग आतून गरम होतो, म्हणून तो उलथापालथा करून निववावा लागतो. सकाळी कोमेजलेली फुलं चाळून काढतात, पत्ती पुन्हा सुकवतात. दुसऱ्या दिवशी ताज्या कळ्या, पुन्हा तेच. उंची मालाला असे अनेक हात देतात. तयार चहात फूल दिसत नाही. पाकिटात भरपूर पांढऱ्या पाकळ्या दिसल्या तर त्या शोभेला टाकल्या आहेत असं खुशाल समजावं.

भाचीने केलेल्या मिश्रणात असा जॅस्मिन आणि अगदी थोडं जिनसेंग होतं, कारण आयरोकाकांना जिनसेंगही आवडतं. सहा मिनिटांच्या मानकात तो कडू झाला. हिरव्या चहाला उकळतं पाणी सोसत नाही. मग ऐंशी अंशांच्या पाण्यात, दोन-अडीच मिनिटं. आधी मोगरा, मग पत्तीची हिरवी चव, आणि घोट गेल्यावर घशाशी जिनसेंगचा मातकट कडवटपणा. हसऱ्या म्हाताऱ्याच्या पोटात काय साठलं आहे ते त्या कडवटपणात येतं. भाचीने हे मुद्दाम केलं होतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मुद्दामच. आयरो नुसते गोड असते तर आवडले नसते." गृहस्थांनी हा घोट थुंकला नाही.

मग साहजिकच आपल्या पात्रांची आठवण निघाली. पु. ल. देशपांड्यांच्या अंतू बर्व्याने चहावर आपलं मत देऊनच ठेवलं आहे. समोर आलेल्या चहात दुधाचा पत्ता नाही, हे बघून तो रत्नागिरीच्या साऱ्या म्हशी गाभण आहेत का, असं विचारतो. म्हणजे अंतूचा चहा काळपट, कडक, दुधाच्या जेमतेम दोन थेंबांचा, आणि तो देताना देणाऱ्याला लाज वाटेल असा हवा. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला आलं, तेही ठेचून, म्हणजे घोटाबरोबर ट्टॉक निघेल. चिं. वि. जोशींच्या चिमणरावांवर एकमत झालं नाही. मी गवती चहाची बाजू घेतली, सासूबाई म्हणाल्या की तो चहा काऊच ठरवेल, चिमणरावांना विचारतो कोण. माझ्या मते त्या दिवशीचं सर्वोत्तम परीक्षण हेच. आपल्याकडच्या एखाद्या चहावाल्याने किंवा प्रकाशकाने हे मनावर घ्यायला हरकत नाही. पुस्तकासोबत पन्नास ग्रॅमची पुडी दिली तर मी दोन्ही विकत घेईन. फक्त मिश्रण करणाऱ्याने पुस्तक वाचलेलं असावं.

*

मला स्वतःला ज्या चहाने सर्वांत जास्त कामाला लावलं तो 'ब्रिजर्टन'मधल्या केट शर्माचा. मालिकेच्या 2022 साली आलेल्या दुसऱ्या पर्वाची ती नायिका. ज्युलिया क्विनच्या मूळ कादंबरीत ती केट शेफील्ड, चांगली इंग्रज. मालिकेने तिला मुंबईहून आणलं. तिच्या धाकट्या बहिणीला हिंदुस्तानीबरोबर मराठीही येते, असा उल्लेख होतो तेव्हा आमच्या घरात टाळ्या पडल्या होत्या. या केटला इंग्रजी चहा सोसत नाही. ती स्वतः मसाला घालून आपला चहा करून घेते. तिच्या नावाच्या मिश्रणात अपेक्षेप्रमाणे आसाम, वेलची, दालचिनी, लवंग आणि, का कोण जाणे, व्हॅनिला होतं.

कथा घडते 1814 साली. आसामात चहाची झाडं आहेत हे रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाच्या कानावर गेलं 1823 मध्ये. आसामचा पहिला माल लंडनला लिलावात विकला गेला 1839 च्या जानेवारीत. आपण ज्याला दाणेदार चहा म्हणतो ती सीटीसी पत्ती तर 1930 च्या सुमाराची. म्हणजे केटच्या पेल्यात आसाम असणं शक्य नाही. पत्ती असेल तर चीनची. दुधात उकळलेला मसाला चहा घरोघर पोचला तो विसाव्या शतकात. मग मालिकेने सगळंच खोटं रचलं का?

तसंही नाही. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री 1689 साली सुरतेच्या प्रवासाला निघाला. त्याचं प्रवासवर्णन 1696 मध्ये छापलं गेलं. इकडचे लोक चहाच्या पाण्यात गरम मसाले उकळतात, डोकेदुखीवर आणि पोटाच्या मुरड्यावर तो गुणकारी मानतात, खडीसाखर घालून पितात आणि जे जास्त चोखंदळ असतात ते मुरवलेलं लहान लिंबू घेतात, असं त्याने नोंदवलं आहे. केटच्या सव्वाशे वर्षं आधी, मुंबईपासून फार लांब नाही अशा बंदरात, मसाल्याचा चहा होता. दूध मात्र त्याच्या वर्णनात नाही.

आम्ही तो करून पाहिला. चिनी काळी पत्ती, धुराची नव्हे, साधी कीमून. आलं, दोन मिरे, लवंग, दालचिनीचा तुकडा. मसाला आधी पाण्यात उकळला, मग पत्ती. खडीसाखर कपात. लिंबाचं गोड लोणचं घरात होतं. मसाला धुऊन त्याची एक फोड प्रत्येक कपात टाकली. गृहस्थांनी भुरका न मारता अख्खा कप प्यायला आणि ब्रिस्क म्हणाले. त्यांच्या धंद्यात ही मोठी पावती. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला. दुकानातल्या कुठल्याही केटपेक्षा ही केट चांगली होती: तिखट, आंबट, कुणाचं ऐकून न घेणारी.

दिवाळीचा फराळ जड होतोच. त्यानंतर हा चहा करून बघा. चार कपांना तीन चमचे पत्ती, अर्धा इंच आलं, मिरे दोन, लवंगा दोन, बोटभर दालचिनी. मसाला पाच मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करून पत्ती घाला, तीन मिनिटांनी गाळा. कपात खडीसाखर आणि लिंबाच्या गोड लोणच्याची धुतलेली फोड. कीमून मिळाला नाही तर मोठ्या पानांचा कुठलाही काळा चहा चालेल. ममरी चालणार नाही, ती कडवट उतरते. दूध हवंच म्हणणारे असतील त्यांच्यासाठी दुसरं भांडं चढवा, कारण लिंबाने दूध फाटतं.